कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातील रिसॉर्ट आणि राखीव जंगलाची हद्द : हा वाद कोणत्या मार्गाने सोडवावा?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जमिनींचे व्यवहार गेल्या काही वर्षांत फार वाढले आहेत, हे या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कर्नाटक जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे २०२० साली रद्द झाली आणि शेतकरी नसलेल्या माणसालाही इथली शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. माझ्या मते हा वेग तिथूनच आला.

आमचे गाव भीमगड अभयारण्याला लागून आहे. गावातल्या काही कुटुंबांनी डोंगराच्या पायथ्याची भरड जमीन एका बाहेरच्या व्यावसायिकाला विकली आणि त्याने तिथे पर्यटकांसाठी कॉटेज बांधली. त्यातला बराचसा भाग खात्याच्या नकाशाप्रमाणे राखीव जंगलात येतो, असे आता वनखाते म्हणते. घेणाऱ्याकडे उतारा आहे, नोंदवलेले खरेदीखत आहे, आणि ही मालकीची जमीन आहे असे तो छातीठोकपणे सांगतो. गावाची तक्रार तिसरीच आहे. तारेच्या कुंपणामुळे गुरांची पाणवठ्याकडे जाणारी पिढ्यान् पिढ्यांची वाट बंद झाली आहे, आणि शनिवारी-रविवारी रात्री उशिरापर्यंत जनरेटर व ध्वनिक्षेपक चालू असतात. खात्याने नोटीस काढली, व्यावसायिक न्यायालयात गेला, आणि ज्यांच्या गावात हे सगळे घडते आहे त्या गावाला दोन्ही ठिकाणी कोणीच विचारलेले नाही.

माझे मत आधीच सांगतो. गावासमोर हद्दीची संयुक्त मोजणी झाल्याशिवाय दिलेला कोणताही निर्णय टिकणार नाही आणि तो न्याय्यही ठरणार नाही. पण ही मोजणी कोणी मागायची, कोणत्या कचेरीत मागायची आणि तिच्या आधी काय करायचे, हे जाणकारांनी सांगावे. ज्यांना माझे मत पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहावे.

वकील_बेळगाव

तुमच्या प्रकरणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय वाट सापडणार नाही. पहिला प्रश्न जमीन कोणाची हा, दुसरा त्या जमिनीवर काय करता येते हा, आणि तिसरा वन्यजीव कायदा तिथे लागू होतो का हा.

उतारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे उताऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. राखीव वनाचे राजपत्र आणि त्यातले सीमावर्णन हा विरुद्ध पुरावा होऊ शकतो. मात्र ते सीमावर्णन प्रत्यक्ष जमिनीवर कुठे पडते हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर येते, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच अडकतात.

दुसरा प्रश्न वापराचा. जमीन निर्विवाद मालकीची असली तरी शेतजमिनीवर कॉटेज बांधण्यासाठी कलम ९५ खाली बिगरशेती परवानगी लागते. अनेक ठिकाणी हा एकच कागद मागितला की बाकीची चर्चा थांबते.

तिसरा प्रश्न वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चा. अभयारण्याच्या आत व्यापारी तत्त्वावरची निवासस्थाने बांधायची असतील तर कलम ३३ प्रमाणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते. हद्दीबाहेर पण जवळ असाल तर त्या अभयारण्याच्या इको-सेन्सिटिव्ह झोनची, म्हणजे भोवतालच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याची, अधिसूचना पाहावी लागते. अशा अधिसूचनांमध्ये साधारणपणे सीमेपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा झोनची हद्द त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंत, नवीन हॉटेल व रिसॉर्ट बांधण्यास मनाई असते आणि निसर्ग पर्यटनासाठी लहान तात्पुरत्या बांधकामांची मुभा असते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सर्वांना सरसकट एक किलोमीटरची अट घातली होती, ती एप्रिल २०२३ मध्ये शिथिल झाली. त्यामुळे ज्या त्या अभयारण्याची अधिसूचना वाचण्याला पर्याय नाही.

निवृत्त_भूमापक

वकीलसाहेबांनी कागद नेमका कुठे अडकतो ते सांगितले, तो जमिनीवर कसा अडकतो ते मी सांगतो. माझी सारी नोकरी याच कामात गेली.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. खानापूर तालुक्यातल्या जंगलांची राखीव म्हणून नोंद झाली ती इंग्रजी अमदानीत, मुंबई सरकारच्या राजपत्रातून. गावचे जुने दप्तर मराठीत, त्याहून जुने मोडीत, आणि १९५६ नंतरचे कन्नडमध्ये आहे. महसूल खात्याने गावनकाशा आणि आकारबंद (सर्व्हे नंबरांचे क्षेत्र व सारा यांची नोंद) आपल्या पद्धतीने सांभाळले, तर वनखात्याने आपले नकाशे वेगळ्या प्रमाणात आणि वेगळ्या खुणांवर काढले. एकच नाला दोन्ही नकाशांत हद्द म्हणून दाखवलेला असतो, पण कोणता नाला हे दोघांनी एकत्र बसून कधीच ठरवलेले नसते.

प्रत्यक्ष जागेवर काय दिसते तेही सांगतो. वनाच्या हद्दीवर दगडांच्या राशी रचलेल्या असतात आणि त्यांना चुना लावलेला असतो. आपल्याकडच्या पावसात चुना दोन वर्षेही टिकत नाही, दगडांवर शेवाळ चढते आणि रास करवंदीच्या जाळीत दिसेनाशी होते. शेताचा बांध घालायला दगड लागले की सर्वांत सोयीचे दगड त्या राशीचेच असतात. काही ठिकाणी मी बांधात चुन्याचा अंश असलेले दगड पाहिले आहेत. अशा जागी शेतकऱ्याने जाणूनबुजून हद्द सरकवली असे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि हद्द सरकली नाही असे म्हणणेही खोटे आहे.

म्हणून मलप्रभाकाठ यांचा आग्रह मला योग्य वाटतो. महसूल, वन आणि भूमापन या तिन्ही खात्यांनी एकाच दिवशी, गावातल्या जाणत्या माणसांसमोर मोजणी केली पाहिजे.

कणकुंबीचा_पाऊस

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. आमच्या भागातली निम्मी तरुण मुले गोव्यात हॉटेलांत आणि कारखान्यांत कामाला जातात. गावाजवळ रिसॉर्ट झाले तर त्यांतली काही घरी राहून कमावतात, त्यांच्या आईवडिलांना म्हातारपणी आधार मिळतो. भाताच्या एका पिकावर आणि थोड्याफार काजूवर घर चालत नाही. जमीन विकणाऱ्याने ती हौसेने विकलेली नाही. गव्यांचे कळप आणि रानडुकरे पीक खातात, नुकसानभरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि मग कोणी चांगला भाव दिला की माणूस विकून मोकळा होतो. रिसॉर्ट बंद करा म्हणणाऱ्यांनी त्या मुलांना दुसरे काय द्यायचे तेही सांगावे.

सुमन_खानापूर

माझे माहेर अभयारण्याच्या आतल्या एका वाडीतले आहे, म्हणून हा विषय माझ्यासाठी केवळ कायद्याचा नाही.

भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. आत गवाळी, कोंगळा, पास्तोली, कृष्णापूर, आमगाव, देगाव, तळेवाडी अशी गावे आणि वाड्या. पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारख्या बांबूच्या झोळीतून ओढे ओलांडून न्यावे लागते. माझ्या आजीला तसेच नेले होते. झोळीचे एक टोक धरणाऱ्याचा पाय कमरेएवढ्या पाण्यात सटकला आणि मागच्या दोघांनी ती डोक्यावर उचलून धरली. रस्ता मागितला की अभयारण्याचा कायदा आडवा येतो, वीज मागितली की तोच कायदा, आणि घराचे छप्पर शाकारायला लाकूड आणले तर गुन्हा.

तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी स्थलांतर स्वीकारले आणि २०२५ मध्ये त्यांना प्रत्येकी १५ लाखांच्या मदतीचे वाटप सुरू झाले. ज्यांना जायचे होते ते गेले, त्यांच्या निर्णयाचा मी आदर करते. पण त्यांनी सोडलेल्या जागेवर उद्या कोणाचा पर्यटन तळ उभा राहणार नाही, हे आम्हाला लेखी हवे आहे, मग तो खासगी असो की सरकारी. वाघासाठी आम्ही उठायचे आणि आमच्या अंगणात पर्यटकांचे तंबू लागायचे, हे आम्ही सहन करणार नाही.

कणकुंबीचा_पाऊस दादा, तुमच्या मुलांच्या रोजगाराचे म्हणणे मला मान्य आहे. पण हद्दीबाहेरच्या माणसाला पाच खोल्यांची परवानगी सहज मिळते आणि आतल्या माणसाला एक वासा बदलता येत नाही, हा भेदही या धाग्यात नोंदवला गेला पाहिजे.

डोंगरवाट

सुमनताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. स्थलांतरित गावांच्या जागेबद्दलची अट प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून मागावी.

पाखरू

मी या जंगलात पक्षी आणि वटवाघळे पाहण्यासाठी जात आलो आहे. हा वाद केवळ एकरांचा नाही याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ राहते. १९१३ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर कित्येक दशके जगात तिचा माहीत असलेला एकमेव ठिकाणा हाच होता. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती आढळली, तरीही इथल्या गुहेचे महत्त्व कमी होत नाही. एखाद्या गटाने विजेऱ्या घेऊन गुहेत शिरून आरडाओरडा केला की दिवसा विश्रांती घेणारी वटवाघळे उठतात, आणि पिलांच्या काळात हे घडले तर पिले खाली पडून मरतात. गुहेची जमीन कोणाच्या नावावर आहे याचा त्या नुकसानीशी काहीच संबंध नाही.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि म्हादई देगावच्या बाजूला. डोंगरउतारावर जेसीबीने सपाट केलेली प्रत्येक जागा पहिल्या पावसात या दोन नद्यांमध्ये माती सोडते. म्हणून हद्दीच्या मोजणीबरोबरच उतार, झरे आणि जनावरांच्या वाटा यांची नोंद झाली पाहिजे. जमीन शंभर टक्के मालकीची निघाली, तरी झऱ्याच्या तोंडावर जलतरण तलाव नको, हे ठरवण्याचा अधिकार गावाला आणि खात्याला असायला हवा.

जोयडा_घरवास

मी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी, वडिलोपार्जित घरातच चार खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत. आमच्याकडे हा वाद तुमच्या आधी सुरू झाला. दांडेली आणि अणशीचा मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी हे नाव मिळाले. नदीतल्या राफ्टिंगमुळे पर्यटक वाढले, पाठोपाठ होमस्टे वाढले, आणि त्यांतले बरेचसे केवळ नावाचेच होमस्टे आहेत.

होमस्टे म्हणजे घरमालक त्या घरात राहतो, स्वयंपाक घरातला असतो, आणि पाहुणा घरच्या वेळेप्रमाणे झोपतो. पर्यटन खात्याच्या नोंदणीतही मालकाने तिथे राहणे अपेक्षित आहे. पण बंगळुरू-हुबळीच्या माणसाने जमीन घ्यायची, वीस तंबू लावायचे, एक व्यवस्थापक ठेवायचा आणि त्याला होमस्टे म्हणायचे, असा प्रकार चालतो. कारवाई होते तेव्हा नोटीस दोघांनाही सारखीच येते. त्याच्याकडे वकील असतो, माझ्याकडे नसतो.

म्हणून माझी विनंती आहे की तोडगा काढताना मालक गावात राहतो का, खोल्या किती, आणि बांधकाम अभयारण्य किंवा झोनच्या अधिसूचनेच्या आधीचे की नंतरचे, या तीन गोष्टींवर वर्गवारी करा. राहत्या घरातल्या दोन-चार खोल्यांना साधी नोंदणी पुरे. बाहेरच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या वीस तंबूंना पूर्ण चौकशी लागू करा.

कणकुंबीचा_पाऊस

जोयड्याच्या दादांची वर्गवारी मला मान्य आहे. माझी मुलेबाळे अशा घरगुती व्यवसायात उतरू शकतील. मोठ्या रिसॉर्टमध्ये ती झाडलोट आणि पहारा यापलीकडे जात नाहीत, हेही खरे.

चंदगडकर

हद्दीच्या पलीकडून एक अनुभव जोडतो. महाराष्ट्रात आमच्याकडे हाच गुंता खासगी वनांच्या नावाने येतो. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा १९७५ सालचा आहे. त्याआधी जुन्या वन कायद्याच्या कलम ३५ खाली काढलेल्या नोटिसांच्या आधारे कित्येक दशकांनंतर सातबाऱ्यावर वनाची नोंद चढली आणि घरे-शेते असलेली माणसे अडचणीत आली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निकाल दिला की केवळ नोटीस काढल्याने जमीन वन होत नाही, ती बजावलेली आणि कारवाई जिवंत असलेली हवी. त्या निकालाने बऱ्याच जणांना दिलासा मिळाला. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर खरोखरच दाट जंगल असलेल्या काही जमिनी त्याच निकालाच्या आधारे बाजारात आल्या.

याचा अर्थ असा की कागदाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी जंगलाचे काय होते हे वेगळे पाहावे लागते. दांडेलीकडून येणारे हत्ती खानापूरहून चंदगडात येतात आणि पुढे तिलारीकडे उतरतात. त्यांना कर्नाटक-महाराष्ट्र ही हद्द माहीत नाही. तिलारीला २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. एका राज्याने वाट मोकळी ठेवायची आणि दुसऱ्याने त्याच वाटेवर रिसॉर्टला परवानगी द्यायची, असे झाले तर दोन्हीकडची शेते तुडवली जातील. दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी आणि सीमेवरच्या ग्रामपंचायतींनी एकत्र बसण्याची व्यवस्था हवी. सीमाप्रश्नाचे राजकारण यात आणू नये, अशी कळकळीची विनंती.

डोंगरवाट

मला मात्र इतक्या सामोपचाराचे कारण समजत नाही. ज्यांनी जंगलात बांधकाम केले आहे ते पाडले पाहिजे. वायनाडला जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली, त्यानंतर कर्नाटक सरकारनेच पश्चिम घाटातली अतिक्रमणे आणि अनधिकृत रिसॉर्ट हटवण्याचे आदेश दिले. आदेश आहेत, कायदा आहे, वनजमिनीवरचे अतिक्रमण हटवण्यासाठी कर्नाटक वन कायद्याचे कलम ६४-अ आहे. समित्या आणि मोजण्या यांत आणखी दहा वर्षे जातील आणि तोवर पाच कॉटेजची पन्नास होतील.

मलप्रभाकाठ

डोंगरवाट, तुमचा संताप मी समजू शकतो, पण आमच्याकडे आदेशानंतर पहिल्यांदा कोणाचे बांधकाम पाडले जाते ते तुम्हीही पाहिले आहे. गरिबाचा गुरांचा गोठा पडतो आणि रिसॉर्टला स्थगिती मिळते. मोजणी मागण्यामागे वेळ काढण्याचा हेतू नाही. ज्याचे बांधकाम खरोखर जंगलात आहे त्याला न्यायालयात हद्दीच्या संदिग्धतेचा आसरा मिळू नये, यासाठीच मोजणी हवी आहे. हद्द एकदा तिन्ही खात्यांच्या सहीने निश्चित झाली की त्याचा वकील काय सांगणार?

मात्र मोजणी होईपर्यंत नवीन बांधकाम, कुंपण वाढवणे आणि झाडतोड थांबली पाहिजे, ही मागणी तुमच्या म्हणण्यावरून मी माझ्या यादीत घेतो.

वकील_बेळगाव

या दोघांच्या वादाला उपयोगी पडेल असे एक उदाहरण देतो. निलगिरीत मुदुमलईजवळ सिगूर पठारावर हत्तींचा मार्ग आहे आणि त्यात रिसॉर्ट उभे राहिले होते. तमिळनाडू सरकारने २०१० मध्ये हत्तीमार्गाची अधिसूचना काढली, मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती उचलून धरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. पण त्याच निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जमीनमालकांना त्यांच्या वैयक्तिक हरकती त्या समितीपुढे मांडण्याची संधी दिली. म्हणजे हत्तीचा मार्ग मोकळा राहिला पाहिजे हे तत्त्व ठरले, आणि कोणाची जमीन किती बाधित होते याची सुनावणी वेगळी ठेवली गेली.

आपल्याकडे मला हाच क्रम योग्य वाटतो. जंगल आणि वन्यजीवांच्या वाटा यांचे रक्षण हा मुद्दा वाटाघाटीत ठेवू नये. कोणाचा उतारा खरा, कोणाला भरपाई, कोणाला स्थलांतरासाठी मुदत, यावर मात्र प्रत्येकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. निलगिरीत दहा वर्षे लागली हे खरे, पण बराचसा वेळ न्यायालयात गेला. तीच सुनावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर आधी झाली असती तर एवढा काळ लागला नसता, असे माझे मत आहे.

आणखी एक. सार्वजनिक जमीन बळकावल्याच्या तक्रारींसाठी २०११ च्या कायद्याखाली बंगळुरूत विशेष न्यायालय आहे. पण खानापूरच्या माणसाने तिथवर जाणे किती अवघड आहे हे मी रोज पाहतो.

सुमन_खानापूर

वकीलसाहेब, सुनावणीत आमच्यासारख्यांचे काय? आमच्याकडे खरेदीखत नाही, काहींकडे उताराही नाही. गवळी-धनगर कुटुंबे चार-पाच पिढ्या म्हशी घेऊन त्याच रानात राहिली, पण त्यांच्या नावावर काही नाही.

वकील_बेळगाव

सुमनताई, त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. गवळी-धनगर कर्नाटकात अनुसूचित जमातीत येत नाहीत, म्हणून त्यांना इतर पारंपरिक वनवासी या नात्याने त्या तारखेपूर्वीचे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते आणि बहुतेक दावे तिथेच फेटाळले जातात. सिद्दी बांधवांना उत्तर कन्नडमध्ये २००३ पासून आणि बेळगाव-धारवाडमध्ये २०२० पासून जमातीचा दर्जा आहे, त्यांची वाट तुलनेने सोपी आहे. ७५ वर्षांच्या पुराव्यासाठी केवळ सरकारी कागदच लागतो असे नाही. नियमांप्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुन्या विहिरी, देवस्थाने आणि दफनभूमी हेही पुरावे धरता येतात.

या धाग्याच्या विषयाशी थेट संबंध असलेली एक तरतूद मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. कलम ४(४) प्रमाणे वनहक्काने मिळालेली जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही. म्हणजे या कायद्याखाली गावाच्या नावावर जितकी जमीन येईल तितकी रिसॉर्टच्या बाजारातून कायमची बाहेर राहील. जंगल राखू पाहणाऱ्यांनी वनहक्क दाव्यांना विरोध करण्यापूर्वी याचा विचार करावा.

पाखरू

हे मला नव्याने समजले. आमच्या निसर्गप्रेमी मंडळींत वनहक्क म्हणजे जंगल वाटून टाकणे असा समज आहे, त्यांच्यापर्यंत हा मुद्दा नेतो.

कणकुंबीचा_पाऊस यांच्या रोजगाराच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले होते. केरळातल्या पेरियारला पूर्वी जंगलातून झाडांची साल चोरून नेणाऱ्या माणसांचा गट तयार करून त्यांनाच वाटाड्या आणि गस्तीचे काम देण्यात आले. पर्यटकांच्या शुल्कातून त्यांना नियमित उत्पन्न मिळू लागले आणि चोरीही कमी झाली. भीमगडात पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालावी लागते, कारण शिस्त लावणारे कोणी नसते. ज्या गावाच्या रानात धबधबा आहे त्याच गावाच्या तरुणांच्या समितीकडे प्रवेश, संख्या आणि शुल्क सोपवले, तर रिसॉर्ट न बांधताही गावात पैसा येईल. त्यात माणसांची रोजची मर्यादा लेखी हवी, आणि गुहा त्यातून पूर्णपणे वगळलेल्या हव्यात.

व्यवस्थापक

पश्चिम घाटाच्या संरक्षणाविषयीच्या कस्तुरीरंगन अहवालाच्या मसुद्यावर स्वतंत्र धागा आहे. त्यासंबंधीचे प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे जमिनीच्या वादापुरतेच लिहावे.

चंदगडकर

पाखरू यांच्या सूचनेवर एक सावधगिरी. वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाल्यावर वनखात्याच्या कार्य आयोजनेत (वर्किंग प्लॅनमध्ये) समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी वनेतर वापर मानल्या जात नाहीत. त्यामुळे गावाच्या समितीच्या नावाखाली सरकारी निवासस्थाने वाढणार नाहीत ना, हेही पाहा. सुमनताईंची अट सरकारी पर्यटनालाही लागू झाली पाहिजे.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. येत्या ग्रामसभेत ठराव मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. त्यात तिन्ही खात्यांची संयुक्त मोजणी, ती होईपर्यंत बांधकाम आणि कुंपणाला मनाई, गुरांच्या वाटेची व झऱ्यांची नकाशावर नोंद, राहत्या घरातल्या खोल्यांसाठी वेगळी वर्गवारी, आणि स्थलांतरित गावांच्या जागेवर कोणतेही पर्यटन बांधकाम नको, एवढ्या मागण्या असतील. एक अडचण आहे. आलेली नोटीस केवळ कन्नडमध्ये होती आणि उत्तराची मुदत संपेपर्यंत निम्म्या लोकांना ती कशाबद्दल आहे हेच कळले नव्हते. हरकत नोंदवण्याचा हक्क असून नोटीस न कळल्यामुळे तो बुडणे योग्य नाही.

वकील_बेळगाव

ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांहून अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचे मान्य धोरण आहे. ठरावात मराठी भाषांतराची मागणी करा आणि नोटिशीच्या उत्तराला मुदतवाढ मागणारा वेगळा अर्ज लगेच द्या. हा अर्ज कन्नडमध्येच द्या, मसुदा मी करून देतो. आजच्या क्षणाला मुदतीपेक्षा दुसरे काही महत्त्वाचे नाही.

निवृत्त_भूमापक

मोजणीचा अर्ज देताना विनंतीत महिना नमूद करा. पावसाळा संपल्यावर गवत माणसाच्या कमरेइतके असते आणि राशी सापडत नाहीत, म्हणून डिसेंबर ते मार्च हा काळ मागा. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना, एक भूमापन खात्याच्या सहायक संचालकांना आणि एक उपवनसंरक्षकांना द्या, आणि तिन्ही प्रतींवर पोचेचा शिक्का व तारीख घ्या. अर्जासोबत गावनकाशा, संबंधित सर्व्हे नंबरांचे टिपण (मोजणीचा मूळ कच्चा नकाशा), आकारबंदाचा उतारा आणि राखीव वनाच्या मूळ राजपत्राची प्रत जोडा. राजपत्र जुन्या मुंबई सरकारचे असल्याने ते शोधायला वेळ लागेल, म्हणून उपवनसंरक्षकांच्या कचेरीत माहिती अधिकाराखाली आजच मागणी करा. टिपणाची नक्कल मिळाली की सर्व्हे नंबर झाकून तिचा फोटो इथे टाका. जुन्या खुणा आणि मोडीतला मजकूर मी वाचून देईन.